वेचणीच्या दिवसांतली गरम न्याहारी: फळं घातलेले ओट्स रात्रीच करून ठेवायचे, कोणतं फळ कसं घालता?

कपाशीवाली

नमस्कार मंडळी. कापूस फुटला, वेचणी लागली, आता दिवाळीपासून पार जानेवारीपर्यंत आमच्याकडे सकाळ म्हणजे नुसती धावपळ. दारव्ह्याकडचं गाव आहे आमचं, यवतमाळ जिल्हा. सात वाजता बायांसोबत शेतात पोचावं लागते, पोरांची शाळेची गाडी त्याच वेळेला, अन् सासूबाईंना शुगर आहे, कोलेस्टेरॉलही वाढलेलं, म्हणून डॉक्टरांनी ओट्स सांगितले. पोह्याला कांदा चिरत बसायला वेळ नसते अन् थंड खाणं आमच्या घरी सकाळी कोणाच्या गळ्याखाली उतरत नाही. म्हणून मी रात्रीच करून ठेवते आणि सकाळी गरम करते. सेब (सफरचंद) आता बाजारात भरपूर आहे, काश्मीर-हिमाचलचा माल सप्टेंबरपासून येते, तर सेबाचेच करते सध्या.

माझी पद्धत सांगते. जाड ओट्स घ्यायचे, दोन मिनिटात होणारे बारीक नाही, त्याची सकाळपर्यंत खळ होते. एक वाटी ओट्स चमचाभर तुपात मंद आचेवर भाजायचे, खमंग वास सुटला की दोन वाट्या उकळतं पाणी अन् चिमूटभर मीठ, पाच-सहा मिनिटात होते. दूध रात्री अजिबात घालत नाही. दूध घातलं की बुडाला लागते, टिकतही कमी. दुसऱ्या गंजात (पातेल्यात) दोन सेब सालासकट चिरून, दोन-तीन चमचे पाणी, कलमीचा (दालचिनीचा) तुकडा, दोन लवंगा, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफेवर. फोड बोटानं दाबली की दबली पाहिजे पण मोडायला नको. गॅस बंद केल्यावर गूळ. सासूबाईंची वाटी गूळ घालायच्या आधीच काढून ठेवते.

दोन्ही वेगवेगळ्या डब्यात ठेवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे बरं का. रात्रीच एकत्र केलं तर ओट्स फळाचा सगळा रस पिऊन टाकतात, फळाची चव फळात राहत नाही आणि ओट्समध्येही येत नाही, एकच गोडसर लगदा होतो. सकाळी ओट्स अर्धी वाटी दूध घालून गरम करायचे कारण रात्रभरात घट्ट होऊन बसतात, फळ वेगळं गरम करायचं, अन् वाटीत वरून ओतायचं. वरून फल्लीदाण्याचा (शेंगदाण्याचा) जाडसर कूट.

आता माझा प्रश्न. सेब विकत आणावं लागते. आपल्याकडं या दिवसात सीताफळ आहे, जांब (पेरू) आहे, आंबिया बहाराचा संत्रा सुरू झाला, शिंगाडे आले. यातलं काय शिजवता येते, काय नाही, अन् कोण काय करते ते सांगा. फक्त प्रयोग केलेलंच सांगा म्हणजे माल वाया नाही जाणार.

वरुडकर_बागवान

वहिनी, संत्र्याचं मी सांगतो, बाग आहे आपली. पहिली गोष्ट, संत्रं शिजवू नका. रस गरम केला की काही वेळानं कडू पडतो. आपल्या नागपुरी संत्र्यात लिमोनिन नावाचं द्रव्य तयार होते, बियांत ते जास्त, म्हणून बी चिरडली किंवा रस तापवून ठेवला की कडवटपणा येते. ताजं फोडून खाताना ते जाणवत नाही, ठेवल्यावर जाणवते. रस विकणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो, म्हणून तर आपल्याकडचा माल बहुतेक असाच फोडून खायला जाते.

दुसरी गोष्ट, आंबट आहे, दुधात पडलं की दूध फाटते. मंग करायचं काय, तर त्या दिवशी ओट्स पाण्यातच ठेवायचे, दूध नको. फोडी सोलून, वरची पांढरी शिरं अन् पातळ पापुद्रा काढून, बिया काढून, सकाळी ताज्याच वरून टाकायच्या. ओट्स गरम, फोडी थंड, एका घासात दोन्ही येते. आमच्या घरी असंच खातात. वरून चमचाभर मध असला तर पहा.

आणखी एक सांगतो, साल फेकू नका. सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसणीवर हलक्या हातानं दोन-चार वेळा ओढा, पांढरं येऊ द्यायचं नाही, ते कडू. ती कीस चिमूटभर रात्री ओट्सच्या पाण्यात टाकली की सकाळी डबा उघडल्याबरोबर वास येतो. पण बाजारातलं मेण लावलेलं चकचकीत फळ असेल तर साल वापरू नका, बागेतलं किंवा ओळखीच्या माणसाकडचं घ्या, तेही धुऊन, फवारणी होते सगळ्यांकडेच.

आंबिया आता ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालते. सुरुवातीचं फळ आंबट असते, सालीवर हिरवं दिसते, नोव्हेंबर सरता सरता गोडी भरते. मृगाचा बहार फेब्रुवारीनंतर, तो जास्त गोड, पण तेव्हा तुमची वेचणी संपलेली असते.

नातवंडांची_आजी

बाई तुझं वाचून बरं वाटलं, रात्रीच तयारी करायची सवय आमच्या पिढीत होतीच. आम्ही ज्वारीच्या कण्या करत होतो. ज्वारी जात्यावर भरड काढायची, चाळून पीठ वेगळं करायचं, राहिलेल्या कण्या रात्री भिजवून ठेवायच्या अन् सकाळी चुलीवर एक ते चार पाण्यात शिजवायच्या. ताकासोबत, दुधासोबत, दोन्ही चालते. आता कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्यांत होतात. हे ओट्स म्हणजे तेच झालं की, फक्त विकतचे. ज्वारी घरची असते, मंग पैसे देऊन दुसऱ्याचं धान्य काऊन आणायचं?

अन् सीताफळाचं सांगते, ते विस्तवाला लावू नको. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, दूध-साखर किती घातली तरी जात नाही. म्हणून बासुंदीत सुद्धा बासुंदी गार झाल्यावरच गर घालतात. तू ओट्स गरम करून वाटीत काढ, जरा कोमट होऊ दे, मंग वरून गर टाक. रात्री गर काढून ठेवला तर वरचा थर काळपट पडतो, खराब नसतो, पण पोरं नाक मुरडतात. सकाळी फळ फोडून चमच्यानंच काढलेला बरा.

बिया मिक्सरमध्ये अजिबात जाऊ देऊ नको. गर काढायला काही जणी मिक्सर एक फेरा फिरवतात, बी फुटली की चव जाते, आणि त्या बीमध्ये विषारी अंश असतो. आमच्या लहानपणी बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावत, आणि डोळ्यात गेली तर डोळा सुजून लाल होत असे, म्हणून पोरांना दूर ठेवत. स्टीलच्या चाळणीवर गर हातानं दाबून गाळ, बिया वर राहतात.

पुण्यातला_वऱ्हाडी

धागा आवडला, गावची आठवण आली. एक माहिती जोडतो. हे ओट्स रात्रभर भिजवून त्यात सफरचंद घालायचं म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बिर्चर-बेनर या डॉक्टरचं काम, साधारण १९०० च्या सुमाराचं, झ्युरिकला त्याचं आरोग्यधाम होतं तिथं रुग्णांना देत. त्याच्या मूळ कृतीत ओट्स अगदी चमचाभर, तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजवलेले, आणि सफरचंद मात्र अख्खं एक मोठं, साल-बी सगळ्यासकट किसून, लिंबाचा रस, कन्डेन्स्ड दुधाचा एक चमचा, वरून बदाम-अक्रोडाची पूड. म्हणजे जेवण फळाचं होतं, धान्य नावाला. आता पाकिटावर जे मुसली म्हणून विकतात त्यात हे प्रमाण पार उलटं झालंय, फळ कुठेतरी मनुक्यापुरतं आणि साखर भरपूर.

मी तसं थंडच खातो, पण ताईंच्या घरी थंड चालत नाही तर वेगळं शिजवून वरून ओतायची कल्पना छान आहे, फळ जास्त ठेवता येतं.

कपाशीवाली

आजी, कण्यांचं अगदी पटलं, आमच्या यांचंही हेच म्हणणं आहे. पण आता ज्वारी पेरतं कोण? आमच्या शिवारात तूर, कपाशी, सोयाबीन, बस. ज्वारी पेरली की रानडुकरं अन् पाखरं राहू देत नाहीत, मंग तीही विकतच आणावी लागते. आता यावेळी बाजारातून आणून भरड काढते. पण सासूबाईंसाठी ओट्सच राहतील, डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं आहे ना.

वरुडकर भाऊ, सालीच्या किसाची युक्ती लय भारी आहे. आमच्या मावसबहिणीची बाग मोर्शीकडे आहे, तिच्याकडून मागवते फळ.

आहारवाली_ताई

जिल्ह्याच्या ठिकाणी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडं लिहिते. ओट्स कोलेस्टेरॉलसाठी का सांगतात तर त्यात बीटा-ग्लुकॉन नावाचा विरघळणारा तंतू असतो. शिजवल्यावर ओट्सला जो चिकटपणा येतो ना, तो त्याचाच. आतड्यात तो जेलसारखा होतो, पित्तातली आम्लं स्वतःबरोबर बाहेर नेतो, मग यकृत नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. दिवसाला साधारण ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॉन पोटात जायला हवं, १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं याच आकड्यावर ओट्सच्या पाकिटावर तसं लिहायला परवानगी दिली. ४० ग्रॅम कोरडे ओट्स म्हणजे आपली जवळपास अर्धी वाटी, त्यात दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. म्हणजे एका सकाळच्या वाटीत निम्मं काम होतं. ज्वारीत तंतू चांगला आहे, पोट भरलेलं राहतं, पण हा विशिष्ट तंतू ओट्स आणि सातूत (जव धान्यात) जास्त, तेव्हा आजींच्या कण्या घरातल्या बाकीच्यांना आणि तुमच्या सासूबाईंना ओट्स, हे बरोबर आहे.

शुगरसाठी मात्र तीन गोष्टी. गूळ ही साखरच आहे, रक्तात तशीच चढते, त्यांची वाटी आधी काढता ते अगदी योग्य. दुसरं, फळ फोडी म्हणून खावं, रस किंवा गाळलेला गर नको. सीताफळ आणि पिकलेलं केळं त्यांना एक-दोन चमचेच, सफरचंद किंवा जांब बरं. तिसरं, नुसतं धान्य आणि फळ नको, बरोबर फल्लीदाणे किंवा भाजलेल्या जवसाचा चमचा हवा, म्हणजे साखर हळू चढते. जवस अख्खं घातलं तर तसंच बाहेर पडतं, भाजून कुटूनच घाला. आणि ओट्स लागू पडले म्हणून कोणी परस्पर गोळ्या बंद करू नका, हे मला रोज सांगावं लागतं.

आणखी एक, मसाला घातलेली पाकिटं घेऊ नका. त्यात मीठ जास्त असतं. साधे ओट्स मागा.

तलावाकाठचा

मी भंडाऱ्याकडचा. शिंगाडे निघून रायले सध्या, आमच्या तलावांत ढिवर भाऊ डोंग्यातून काढतात. उकडून सोलून त्याचे बोटाएवढे तुकडे करा अन् सेबाच्या गंजात शेवटल्या दोन मिनिटात टाका. पूर्ण विरघळत नाही, कचकचीत राहते, ओट्सच्या मऊपणात दाताला काहीतरी पायजे ना. रात्री उकडून ठेवला तरी सकाळी तसाच राहते, काळा पडत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, तलावातला कच्चा शिंगाडा दातानं सोलून खाऊ नका, पोरं हमखास खातात. सालीवर कृमीच्या कवचातल्या बारीक अळ्या चिकटून असू शकतात, त्यानं आतड्यात जंत होतात. धुऊन उकडलेलाच घ्या.

फाट्यावरचा_भाऊ

मंडळी सगळं चांगलं हाये पण आमच्याकडं फ्रिज नाही, ज्यांच्याकडं हाये त्यांची लाईट रात्री जाते. रात्री शिजवून ठेवलं तर सकाळपर्यंत राहीन का? थंडी तं पडूनच रायली.

आहारवाली_ताई

भाऊ, शिजवलेलं धान्य रात्रभर बाहेर ठेवू नका, थंडी असली तरी नको. धान्यात काही जंतूंचे बीजाणू असतात ते उकळल्यानंही मरत नाहीत, कोमट अन्नात ते वाढतात आणि विष तयार करतात, तेच विष मग सकाळी पुन्हा गरम केल्यानं जात नाही. वास किंवा चव बदललेली नसली तरी उलट्या होतात. शिजवल्यावर दोन तासाच्या आत गार करून ४ अंशांखालच्या फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारसारखं ऊन रात्रीच्या घरातही साठलेलं असतं. फ्रिज असला तरी गरम गंज तसाच आत ठेवू नका. परातीत पसरून गार करा, पातळ थरात, मग सपाट डब्यात भरा. असं ठेवलेलं तीन-चार दिवस खाता येतं, गरम करताना वाफ निघेपर्यंत, आणि एकदाच. परत परत गरम करू नका. लाईट जाते त्यांनी एका रात्रीपुरतंच करा.

तुमच्यासाठी मात्र दुसरा मार्ग. शिजवू नका, कोरडी तयारी करा. जाड ओट्स तुपात भाजून गार करून बरणीत, त्यात कुटलेलं जवस, कलमी पूड, भाजलेले दाणे, मनुका. बरणी आठवडाभर सहज टिकते. सकाळी दोन वाट्या पाणी उकळलं की एक वाटी मिश्रण, पाच मिनिटांत गरम न्याहारी. जांब किंवा सेब तेव्हाच त्याच पाण्यात चिरून टाका, आधी फळ दोन-तीन मिनिटं, मग ओट्स. ज्वारीच्या कण्या भिजवत असाल तर सकाळी ते पाणी फेकून नवीन पाण्यात शिजवा, कच्चं भिजवलेलं रात्रीत आंबूस होऊ शकतं.

फाट्यावरचा_भाऊ

समजलं ताई. बरणीवालंच करतो. आमच्या घरच्यांना दाखवतो.

चुलीवरची_बाई

जांबाचं कोणी सांगितलंच नाही, मी सांगते. बाजारात या दिवसात जांब स्वस्त, दारातल्या झाडालाही लागते. आम्ही पाण्यापुरता गॅस वापरतो, बाकी चूल. रात्री स्वयंपाक झाला की निखारे राहतात, राखेत दडवायच्या आधी त्यावर जाड बुडाचा गंज ठेवायचा. जांबाचे सालासकट चार तुकडे, मधला बियांचा गोळा काढून वेगळा, त्याला पाण्यात उकळून चाळणीवर गाळायचा. बिया कडक असतात, सासऱ्यांच्या दातात अडकतात. गाळलेलं पाणी गरासकट तुकड्यांवर ओतायचं, आल्याचा एक तुकडा ठेचून, गूळ, झाकण, बस. अर्धा पाऊण तासात तुकडे गुलाबी होऊन शिजतात, गुलाबी गराचा जांब असला तर, अन् ते पाणी पाक झाल्यासारखं दाटते. जांबात पेक्टिन भरपूर असते, जेली याचीच करतात ना, म्हणून गुळाचा पाक वेगळा करायला लागत नाही. थोडं पिवळसर झालेलं, पण बोटानं दाबलं तर आतून घट्ट, असं फळ घ्यावं. पिकून मऊ झालेलं विरघळते.

गार झाल्यावर मी काचेच्या बरणीत भरते, फ्रिज आहे आमच्याकडे, चार दिवस पुरते. ओट्सवरही घालते, भाकरीसोबतही खातात पोरं. क जीवनसत्त्वासाठी संत्र्याचं नाव असते पण जांबात त्याच्याहून कितीतरी जास्त, शिजवल्यावर थोडं कमी होते, ताई सांगतीलच. म्हणून मी एक कच्ची फोडही वरून ठेवते.

आहारवाली_ताई

बरोबर. थोडं नाही, बऱ्यापैकी कमी होतं, पण सुरुवातच मोठी असल्यामुळे शिल्लक राहतं. कच्ची फोड हवीच.

पुण्यातला_वऱ्हाडी

ज्यांना वाटीतलं खायचं नाही त्यांच्यासाठी एक सांगतो, पोरांच्या डब्याला फार उपयोगी पडतं. ओव्हन नाही तर कुकरमध्ये. कुकरच्या तळाला वाटीभर मीठ पसरायचं, वर जाळी, झाकणाचं रबर आणि शिट्टी काढून ठेवायची, पाणी नाही घालायचं, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्यायचा. दोन वाट्या जाड ओट्स, दीड वाटी दूध, अर्धी वाटी गूळ किसून, एक अंडं किंवा चार चमचे दही, चमचाभर तूप, पाव चमचा बेकिंग पावडर, कलमी, आणि दोन सफरचंदांच्या फोडी. गूळ दुधात गरम करायचा नाही, दूध फाटतं, थंड दुधातच विरघळवायचा. तूप लावलेल्या डब्यात ओतायचं, पंचेचाळीस-पन्नास मिनिटं मंद आचेवर. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली की झालं. गार झाल्यावर वड्या पाडायच्या, सकाळी तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी भाजायच्या, गरम आणि बाहेरून कुरकुरीत. मूठभर तीळ वरून भुरभुरा, ते मस्त लागतं. हेही फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. डबा जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) घ्या, स्टीलचा बुडाला लवकर करपतो.

कपाशीवाली

वड्या करून पाहते, पोट्ट्यांना हेच आवडेल, हातात धरून खाता येते.

चुलीवरची ताई, जांब आजच रात्री निखाऱ्यावर ठेवते. आमच्याकडे रात्रीचं चुलीवरच असते अन् ते निखारे असेच जातात.

कोणी थर्मासमध्ये शेतात नेऊन पाहिलं का? सात वाजता पोरं खाऊन जातात, पण बायांची न्याहारी नऊ-साडेनऊला असते बांधावर. मला त्यांच्यासाठीही न्यायचं आहे. सकाळी चहावरच येतात, अन् एकदा वाकून वेचायला लागल्या की दुपारपर्यंत पाठ सरळ होत नाही. भाकरी आणतात पण थंड असते.

तलावाकाठचा

मी नेतो वहिनी, धान कापणीला. तोंड रुंद असलेला घ्यायचा, चहाचा चालत नाही, चमचा जात नाही. आधी थर्मासात उकळतं पाणी भरून झाकण लावून पाच-सात मिनिटं ठेवायचं, पाणी फेकून लगेच वाफाळतं अन्न गळ्यापर्यंत भरायचं. अर्धा रिकामा ठेवला की लवकर गार होते. ओट्स नेहमीपेक्षा जरा पातळ ठेवा, त्यात बसल्या बसल्या फुगत रायतात. फळ वेगळ्या डब्यात. नऊपर्यंत वाफ निघते त्यातून. पण ठेवून दुपारी खायला नको, सकाळीच संपवायचं.

आहारवाली_ताई

हो, ६० अंशांवर राहिलं पाहिजे, नऊ-साडेनऊपर्यंत काही हरकत नाही. शेतात वेचणाऱ्या बायांसाठी वाटी मोठी करा हो. पाच-सहा तास वाकून काम म्हणजे अर्धी वाटी ओट्स पुरणार नाहीत, एक वाटी, दाण्याचा कूट दोन-तीन चमचे, आणि त्यांना गूळ खुशाल घाला, शुगर नसेल तर. बऱ्याच जणींचं रक्त कमी असतं. जवस, तीळ आणि वरून संत्र्याच्या किंवा जांबाच्या फोडी असल्या की जेवणातलं लोहही अंगी लागायला मदत होते, क जीवनसत्त्वानं ते जास्त शोषलं जातं. चहा मात्र लगेच वर पिऊ नका, तासभर जाऊ द्या.

वरुडकर_बागवान

ताई हे लय मोलाचं सांगितलं. आमच्या बागेत तोडणीला येतात त्या बायाही चहा-बिस्किटावरच असतात. आता संत्रं तोडताना संत्रंच देईन, अन् आमच्या मंडळींना म्हणतो सोबत हे ओट्स करून पाठवा.

चांद्याची_लेक

उशिरा आले धाग्यावर. आमच्या चंद्रपूरकडे कोहळं (लाल भोपळा) या दिवसात घरोघरी छपरावर पडलेलं असते, दिवाळीत बोंडं करतात त्याची. तेच ओट्समध्ये मस्त लागते. साल काढून किसायचं, तुपात परतून झाकण ठेवून वाफ काढायची, पाणी घालायचं नाही, स्वतःचंच पाणी सुटते. मऊ झालं की थोडा गूळ, विलायची, जायफळ किसून. फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. सकाळी ओट्सबरोबर एकाच गंजात गरम केलं तरी बिघडत नाही, दूधही फाटत नाही कारण आंबट नाही. सेब-संत्र्यापेक्षा हे सोपं आहे ज्यांना दोन गंज लावायचे नाहीत त्यांना.

अन् गुळाच्या जागी आम्ही सुकवलेली मोहफुलं घालतो कधीकधी. मार्च-एप्रिलात वेचून वाळवलेली असतात. निवडून, आतलं केसर काढून, दोन-तीन पाण्यानं धुवायची, मातीचा खर असतो. मूठभर फुलं रात्री भिजवायची अन् त्याच पाण्यात मंद आचेवर उकळून चमच्यानं मोडायची. गडद, घट्ट, मनुकांसारखं गोड होते. वास सगळ्यांना आवडत नाही, पहिल्यांदा दोन फुलंच घाला.

नातवंडांची_आजी

मोहफुलं कण्यांत तर फार छान लागतात. आमच्याकडे आजोळी घालत. अगं, पण शुगरवाल्यांना तीही नाही द्यायची, साखरच असते त्यात.

चांद्याची_लेक

हो आजी, सासूबाईंच्या वाटीत नाही. त्यांना कोहळं बिनागुळाचं, वरून फल्लीदाणे.

कपाशीवाली

लिहून घेतलं सगळं. या आठवड्यात सोमवारी जांब, दोन दिवसांनी कोहळं, अन् मोर्शीहून संत्रा आला की ओट्स पाण्यातले. ताई, एक राहिलं विचारायचं, सासूबाईंना कोहळं रोज चालेल का? अन् पपई? एक झाड आहे परसात, फळं पिकून रायली.

आहारवाली_ताई

कोहळं दोन-तीन चमचे, आठवड्यात तीन-चारदा चालेल. पपईच्या चार फोडी दिल्या तरी हरकत नाही, पण ती दुधाच्या ओट्समध्ये मिसळून ठेवू नका, पपईतलं एन्झाइम दूध कडवट करतं. पाण्यातल्या ओट्सवर ताजी टाका, किंवा तासभर आधी नुसतीच द्या. आणि दर तीन महिन्यांनी साखरेची ती तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (एचबीए१सी) करून घ्या, कोलेस्टेरॉलची डॉक्टर सांगतील तेव्हा, नुसती सकाळची उपाशीपोटीची बघून चालत नाही.